तिघांचा डाव

माझ्या हृदयाच्या झडपा साठीतही शाबूत आहेत, याचं श्रेय एका नर्सबाईंना जातं. चारचौघांत बसून माणसं कशी वाचावीत, हरताना तोल कसा सांभाळावा आणि जिंकताना कुठं थांबावं हे मला कळतं, त्याचं श्रेयही त्यांचंच. पहिलं देणं पेनिसिलिनचं आणि दुसरं गंजिफाच्या खेळाचं. पहिल्याबद्दल मी त्यांच्यापाशी अनेकदा बोलले. दुसऱ्याबद्दल बोलायचं राहून गेलं, ते आज लिहिते आहे.

आमचं घर रेवदंड्याचं. किल्ल्याच्या तटाआत नारळी-पोफळीच्या वाड्या, पुढे कुंडलिकेची खाडी आणि खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला. १९७६ च्या पावसाळ्यात मी अकरा वर्षांची होते. आधी घसा दुखून गेला, मग गुडघे सुजले. ते उतरतात न उतरतात तोच घोट्यांनी आणि मनगटांनी धरलं. अलिबागच्या डॉक्टरांनी निदान केलं : संधिवाताचा ताप. या तापात सांधे पुढे पूर्ण बरे होतात, पण हृदयाच्या झडपांवर वण राहू शकतो आणि ताप उलटला की तो वाढत जातो. ताप उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी लांब टिकणाऱ्या पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं, तेही सज्ञान होईपर्यंत. त्या काळी अशा मुलांना महिनोन्‌महिने अंथरुणावरून उठू देत नसत. माझी खाट माजघराच्या खिडकीशी लागली आणि शाळा सुटली.

इंजेक्शन द्यायला सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई घरी येत. सगळा गाव त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणे. मूळच्या सावंतवाडीच्या, नोकरीनिमित्त किनाऱ्यानं वर सरकत सरकत आमच्याकडे आलेल्या. तेव्हा रेवदंडा कुलाबा जिल्ह्यात होता आणि सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यात. पुढं १९८१ साली कुलाब्याचा रायगड झाला आणि त्याच वर्षी १ मे रोजी सिंधुदुर्ग वेगळा निघाला. दवाखान्यात बाई नेटकं पुस्तकी मराठी बोलत. घरात शिरल्या, पायरीवर छत्री टेकवली की मालवणी सुरू होई.

ते इंजेक्शन फार दुखतं. औषध दाट असतं, सुई जाड लागते आणि हळूहळू द्यावं लागतं. मी रडून आकांत करायची. दुसऱ्या की तिसऱ्या वेळी बाईंनी पिशवीतून पत्त्यांचा कॅट काढला, माझ्या उशाशी ठेवला आणि म्हणाल्या, “रडान झाला काय सांग. मगे आपण एक डाव टाकूया.” तिसरा भिडू हवा होता. मागल्या दारी मासे घेऊन येणाऱ्या मावशींचा मुलगा पायरीवर बसून होता. माझ्याच वयाचा. पावसाळ्यात होड्या शाकारलेल्या, म्हणून हातांना काम नाही. आणि शाळा त्यानं आधीच सोडलेली. बाईंनी त्याला आत बोलावून माझ्या खाटेवरच बसवलं. आमच्या घरात त्या दिवसापर्यंत कोळीवाड्यातलं कुणी माजघरात आलेलं नव्हतं. आजीनं काही म्हणण्याआधीच बाईंनी पानं वाटायला घेतली होती. त्या मुलाला आज सगळा गाव नाखवा म्हणतो, म्हणून इथंही नाखवाच म्हणते.

सुरुवात पाच-तीन-दोनपासून झाली. कोकणात हा खेळ शिकवावा लागत नाही, पोरं बघून बघून शिकतात. पण बाईंनी तो मला नव्यानं शिकवला. तीस पानं : अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंग, आणि इस्पिक-बदामाच्या दोन सत्त्या. प्रत्येकाला दहा पानं. पहिली पाच हातात आली की एकानं हुकूम बोलायचा आणि पाच हात करायचे. दुसऱ्यानं तीन, पानं वाटणाऱ्यानं दोन. एकूण दहाच हात. एकाचा एक हात वाढला की कुणाचा तरी एक घटलाच. ज्याचा घटला, त्याच्याकडून वाढलेल्यानं पुढच्या डावात एक पान न बघता ओढायचं आणि बदल्यात स्वतःला नको असलेलं पान द्यायचं. डाव संपला तरी देणं संपत नाही, ते पुढच्या डावात फेडायचं असतं.

या ओढाओढीत मला भारी आनंद व्हायचा. नाखव्याचा एक्का माझ्या हाती लागला की मी टाळ्या पिटायची आणि त्याला चौकटची अठ्ठी द्यायची. एकदा बाईंनी खेळ थांबवला आणि त्याला विचारलं, “ह्या चेडवान तुका काय सांगितल्यान?” तो गोंधळला. ती तर काहीच बोलली नाही, म्हणाला. मग बाईंनी समजावलं. तिनं तुला चौकट दिली म्हणजे तिला हातातला चौकट संपवायचा आहे. चौकट संपला की तुझ्या चौकटच्या राजावर ती हुकूम मारणार. तेव्हा राजा आधी वाजवून घे. पुढच्याच उतारीला त्यानं चौकटचा राजा टाकला आणि माझ्या हातात शेवटची चौकट असल्यानं ती मला निमूट द्यावी लागली. ओढलेलं पान आपल्याला बळ देतं, पण परत दिलेलं पान आपली चाल समोरच्याला सांगून जातं. हे गणित मला त्या वयात उलगडलं ते बाईंमुळे.

दुसरा धडा जिंकण्याबद्दल होता. पाच करायचे असताना मी सात हात करायची आणि खूश व्हायची. दोघेही माझे देणेकरी व्हायचे. पण पुढच्या डावात मला नेमकं उलटं दिसायचं : ते दोघे एकमेकांशी काही न बोलता एक व्हायचे. माझ्या राणीवर एकानं राजा मारला की दुसरा आपला एक्का राखून ठेवी. बाई म्हणाल्या, “जिंकतलस तर एका हातान जिंक. सगळाच घेतलस तर उद्या तुझ्यावांगडा खेळूक कोण येतलो?” दोघांच्या खेळात समोरच्याला चीत करणं हेच शहाणपण असतं. तिघांच्या खेळात पुढे गेलेला एकटा पडतो, म्हणून किती पुढे जायचं हे ठरवावं लागतं. नेमकं ठरलेलं करावं, फार तर एक जास्त. आणि जो तळाला आहे त्याला पार झोपवू नये, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नाही की तो कुणाचं पान कधी मारील याचा भरवसा राहत नाही.

श्रावणात एका दुपारी बाईंनी पत्त्यांऐवजी एक लाकडी पेटी आणली. झाकण सरकवून उघडायची, बोटभर जाड फळ्यांची, रंग उडालेली. आत गोल पानं. गंजिफा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. बाईंच्या वडलांचा संच होता तो, दशावतारी. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बौद्ध, कल्की असे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी बारा पानं. सगळी मिळून १२०. राजाच्या पानावर खुद्द अवतार, बाकीच्या पानांवर त्याची खूण : मत्स्याला मासा, कच्छाला कासव, परशुरामाला परशू. माशाचं एक पान मला आजही रेषेन्‌रेष आठवतं. सात मासे, प्रत्येकाची शेपटी एकाच फटक्यात वळवलेली, डोळ्याच्या जागी टोकदार कुंचल्याचा एक ठिपका, आणि वरून लाखेचा पातळ थर. तो थर पावसाळी हवेत बोटांना किंचित चिकटे आणि पान सोडताना हलका आवाज होई. नाखव्यानं ते पान उजेडाकडे धरून पाहिलं आणि हा बोईट आहे की काय ते ठरवायला लागला.

ही पानं कशी करतात तेही बाईंनी सांगितलं. कागदावर कागद चिकटवून पुठ्ठा करायचा, चिंचोक्याची खळ लावायची, गोल कापायचे, रंगवायचे, लाख चढवायची. सावंतवाडीच्या चितारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या हे काम चाले. बाईंच्या लहानपणीच छापील पत्त्यांनी गंजिफाला मागं सारलं होतं आणि खेळणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

खेळाचे नियम गावोगाव थोडे बदलतात. बाईंच्या घरची रीत अशी : खेळणारे तिघं, प्रत्येकी चाळीस पानं. पाच-तीन-दोनसारखा एक रंग हुकमाचा नसतो. ज्या रंगातलं जे पान त्या घडीला सगळ्यांत वरचं उरलं असेल, तेच हुकमी. राजा गेला की प्रधान हुकमी, प्रधान गेला की त्याच्या खालचं. दिवसा खेळ बसला तर ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्यानं उतारी करायची, रात्री बसला तर कृष्णाचा राजा असणाऱ्यानं. उतारी करणारा हुकमी पान टाकतो, बाकीचे दोघं आपली बिनकामाची पानं सोडतात. वर आणखी एक गुंता. पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान. उरलेल्या पाचांत प्रधानाखाली एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यांत लहान. एकाच हातातल्या दोन दश्श्या, एक जपायची आणि एक फेकायची.

या खेळात नशीब वाटणीपुरतं. पुढं सगळा भार स्मरणावर. काय गेलं हे ज्याला ठाऊक, त्यालाच आपलं पान हुकमी झालंय हे कळतं. ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातात हुकमी पान असूनही तो ते कचऱ्यात सोडून देतो. मी घाबरले. १२० पानं कशी लक्षात ठेवायची? बाई म्हणाल्या, १२० ठेवायचीच नाहीत. वीस ठेव. दहा राजे, दहा प्रधान. त्यानंतर ज्या रंगात तुझ्याकडे काही दम आहे तेवढ्याच रंगांची पानं मोज, बाकीच्या रंगांचं ओझं घेऊ नको.

वीस तरी कशी ठेवायची, याची युक्ती त्यांनी माझ्या खाटेवरूनच शोधून काढली. समोरच्या खिडकीला दहा उभे गज होते आणि मधोमध एक आडवी पट्टी. डावीकडून पहिला गज मत्स्याचा, दुसरा कच्छाचा, असं करत शेवटचा कल्कीचा. पट्टीच्या वरचा अर्धा गज राजा, खालचा अर्धा प्रधान. राजा पडला की मनातल्या मनात वरचा तुकडा काढून टाकायचा. मी अंथरुणावर पडल्या पडल्या त्या गजांकडे बघत खेळायची. पाऊस पागोळ्यांनी गळत असायचा आणि माझ्या डोळ्यांपुढची खिडकी हळूहळू रिकामी होत जायची. महिनाभरात मला न चुकता सांगता येऊ लागलं की वामनाचा प्रधान अजून बाहेर यायचा आहे.

नाखव्याची तऱ्हा वेगळी होती. तो पानं मोजत नसे, माणसं लक्षात ठेवी. कासवाचं पान कुणी सोडलं, कधी सोडलं, सोडताना थांबलं का. “बायनं मघाशी परशू टाकताना आधी दुसऱ्या पानाला हात लावला होता,” असं तो डाव संपल्यावर सांगे, आणि ते खरं असे. बाईंनी दोघांच्या पद्धतींना सारखंच मोल दिलं. मला म्हणाल्या, “आपली पाना सगळेच बघतत. समोरच्यान खयचा टाकल्यान, कित्याक टाकल्यान, ता ह्या झिलाकडसून शिक.” आणि त्याला म्हणाल्या, हिच्याकडून मोजायला शिक. मग गुण लिहायची वही त्याच्याकडे दिली. अंक त्याला जेमतेम येत. त्या वहीत आमच्या तिघांच्या नावांखाली हात लिहिता लिहिता, बेरजा-वजाबाक्या करता करता तो हिशेबाला पक्का झाला. शाळेत तो परत गेला नाही, पण आज बोटीचं डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचे वाटे हा सगळा हिशेब तो स्वतः लिहितो.

त्या संचातली एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. कच्छाची तिर्री हरवलेली होती. बाईंच्या वडलांनी तिच्या जागी साध्या पुठ्ठ्याचं गोल पान कापून त्यावर शाईनं तीन कासवं काढली होती. बाकी सगळ्या पानांची पाठ लाल आणि याची मळकट पिवळी. पाठीवरूनच कळे की तिर्री कुणाकडे आहे. मी सुरुवातीला ती इतर पानांच्या आड दडवायला बघे. बाईंनी सांगितलं, जे सगळ्यांना दिसतंय ते लपवण्यात वेळ घालवू नको, त्याचा उपयोग काय करता येईल ते बघ. आणि त्यांनी खेळून दाखवलं. त्यांच्या हातात तिर्री होती, आम्हां दोघांना ते ठाऊक होतं. त्यांनी ती मुद्दाम अगदी लवकर सोडली. आम्हाला वाटलं, बाईंकडे कासवाचं काही उरलं नाही. आम्ही कासवावरचं लक्ष काढून घेतलं आणि हातातली वरची कासवं बेफिकीर सोडून दिली. शेवटी शेवटी बाईंनी कासवाच्या दोन हुकमी पानांवर सलग हात ओढले. दिसणारं पान लोकांना नेईल तिकडे लोक जातात. या एका डावाचा उपयोग मला पुढं नोकरीत, नातेवाइकांत, गावच्या बैठकांत किती वेळा झाला याची गणती नाही.

माझे सांधे दिवाळीपर्यंत पूर्ण बरे झाले आणि मी पुन्हा शाळेत जाऊ लागले. इंजेक्शनं मात्र पुढं कित्येक वर्षं चालली आणि प्रत्येक इंजेक्शनामागून डाव बसत राहिला. वडलांनी बाईंना पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. पोफळं उतरली की सुपारी, आणि थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावली की तिचा वाटा, एवढंच त्या घेत. गोकुळाष्टमीच्या रात्री आमच्या पडवीत पत्त्यांचे अड्डे बसत, त्यांत एका कोपऱ्यात आमचा तिघांचा गंजिफा असे. रात्र असल्यामुळे कृष्णाचा राजा ज्याच्याकडे, तो उतारी करी. जन्माची वेळ झाली की बाई पानं खाली ठेवायच्या, पाळण्याला हात जोडून यायच्या आणि नेमक्या त्याच पानापासून पुढं खेळायच्या.

निवृत्तीनंतर त्या सावंतवाडीला परतल्या. जाताना पेटी आमच्याकडे ठेवली. मी नको म्हणाले, वडलांची आठवण आहे तुमची. त्या म्हणाल्या, तिथं माझ्याबरोबर खेळायला आता कुणी नाही, इथं दोघं तरी आहात. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि मग मी रोह्याहून दिवा–सावंतवाडी पॅसेंजर धरून त्यांना भेटायला जाऊ लागले. एकदा त्या मला राजवाड्यात घेऊन गेल्या. दरबाराच्या दालनात कारागीर मांडी घालून बसले होते आणि गोल पानांवर कुंचल्यानं अवतार उतरवत होते. ही कला संपायच्या बेताला आली असताना शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती सावरली. सत्त्वशीलादेवी स्वतः जुन्या चिताऱ्याकडे बसून शिकल्या आणि मग त्यांनी इतरांना शिकवलं. २०१८ साली त्या गेल्या, पण राजवाड्यातलं काम थांबलं नाही. सावंतवाडीच्या गंजिफाला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. बाईंनी त्या दिवशी एका कारागिराला हळूच विचारलं, “खेळतास काय रे?” तो हसून म्हणाला, रंगवतो, खेळायला वेळ कुठला.

परतीच्या वाटेवर बाई गप्प होत्या. मग म्हणाल्या, रंग भिंतीवर टिकतो, खेळ माणसांतच टिकतो.

नंतर वाचताना मला या खेळाचा पसारा कळला. बाबरानं १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलनं अकबराच्या दरबारातल्या गंजिफाचं वर्णन ‘ऐन-ए-अकबरी’त केलं आहे. मोगली संचात आठ रंग आणि ९६ पानं. रंग दरबाराचे आणि खजिन्याचे, ताज, शमशेर, गुलाम असे. आपल्या मुलखात आल्यावर त्याच खेळात दशावतार आले. बाईंच्या पेटीत या सगळ्या प्रवासाचं शेवटचं टोक होतं, आणि त्यांनी ते एका आजारी मुलीच्या आणि एका शाळा सुटलेल्या मुलाच्या हातात दिलं होतं.

बाई गेल्या तेव्हा मी आणि नाखवा दोघंही सावंतवाडीला गेलो होतो. परतताना गाडीत आम्ही खेळायला बसलो नाही. खेळायला तिसरं कुणी नव्हतं.

तिसरं माणूस मिळालं ते २०२० साली. टाळेबंदीमुळे माझी भाची पुण्याहून येऊन आमच्याकडेच राहिली होती. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. दुपारभर वारा वाडीतून गेला. आजोबांनी लावलेल्या पोफळी मधून मोडून पडल्या, नारळ मुळासकट उपटले, कौलं उडाली. श्रीवर्धन-मुरुडपासून आमच्या अष्टागरापर्यंत सगळ्या वाड्यांची तीच गत. एक पोफळ धरायला लागायची तर वर्षं जातात. ज्यांचं घर सुपारीवर चाले त्यांची ती वर्षं गेलीच. वीज बरेच दिवस नव्हती, फोन बंद. दिवसभर झाडं तोडून रस्ता मोकळा करायचा आणि दुपारी थकून पडवीत टेकायचं. अशाच एका दुपारी नाखवा विचारपूस करायला आला. मासेमारी बंदीचा काळ, बोट किनाऱ्यावर, तिच्या केबिनचं छप्पर उडालेलं. मी पेटी काढली. दिवा नसल्यानं आम्ही रात्री खेळूच शकत नव्हतो. त्या दिवसांतला प्रत्येक डाव रामाच्या राजानं उघडला.

भाचीला नियम सांगायला फार वेळ लागला नाही. तिच्याकडे स्वतःचा पत्त्यांचा डबा होता, ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नावाच्या खेळाचा. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानं तो काढला आणि १९९३ साली तो बाजारात आला. यात प्रत्येक खेळाडू हजारो पानांतून आपला संच स्वतः जमवतो, मित्रांशी अदलाबदल करतो, आणि संचाला एक विषय असतो : कुणाचा ड्रॅगनांचा, कुणाचा भुतांचा, कुणाचा जंगलातल्या प्राण्यांचा. तिचा आवडता प्रकार ‘कमांडर’. त्यात १०० पानांचा संच, एक सेनापती, आणि बहुधा चौघं खेळाडू. पहिल्याच दुपारी ती म्हणाली, “मावशी, हे तर आमच्यासारखंच आहे. जो लवकर मोठा दिसतो त्याला बाकीचे मिळून संपवतात. म्हणून आम्ही मोठं पान उशिरा काढतो आणि दुसऱ्याला पुढे होऊ देतो.” बाईंनी माझ्या खाटेवर सांगितलेलं सूत्र ती पुण्यातल्या मुलांबरोबर खेळून स्वतःच्या वाटेनं शिकली होती. खेळ कितीही लांबचे असोत, दोनाहून अधिक माणसं बसली की हा नियम लागू होतोच.

एक फरक मात्र तिनं मला दाखवला, आणि त्यावर मी बराच विचार केला. तिच्या खेळात प्रत्येक जण आपापला संच घरून घेऊन येतो. ज्याच्याकडे दुर्मीळ पानं, त्याचं पारडं आधीच जड. गंजिफात एकच संच तिघांत वाटला जातो. कासवाची पुठ्ठ्याची तिर्री आज माझ्या वाट्याला, उद्या तुझ्या. बाईंना हे फार मोलाचं वाटे, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी वाडीवाल्याची मुलगी आणि कोळीवाड्यातला मुलगा एका खाटेवर बसवले, ते एकाच पेटीतली पानं वाटण्यासाठी. वादळानंतर आमच्या वाडीतल्या पडलेल्या झाडांचं लाकूड, मदतीची कौलं, ताडपत्र्या यांची वाटणी करायला बसलो, तेव्हा नाखव्यानं आणि मी मिळून एकच धरून ठेवलं : ज्याला सगळ्यांत जास्त गरज, त्याचा वाटा आधी, आणि मोठा वाटा घेणाऱ्यानं स्वतःहून थोडं सोडायचं. फार बोलावं लागलं नाही. तिघांच्या डावात वाढलेल्याला काय करावं लागतं, हे आम्हां दोघांना लहानपणापासून ठाऊक होतं.

आता माझी भाची पुण्यात महिन्यातून एकदा घरी गंजिफा मांडते. तिनं सावंतवाडीहून नवा संच आणला आहे, सगळी पानं सारखी, सगळ्यांची पाठ लाल. नाखव्याची नात आमच्याकडे येऊन शिकते. ती आजोबांसारखीच माणसं लक्षात ठेवते, आणि खिडकीचे गज मी तिला शिकवते. बाईंचं माझ्याकडचं देणं पैशानं कधीच फिटणारं नव्हतं. ते फेडायचा एकच मार्ग मला दिसला, तो हा.

सावंतवाडीला गेलात तर चितारआळीत किंवा राजवाड्यात गंजिफा जरूर घ्या. कारागिरांच्या पोटाला त्याचा आधार आहे. पण घेतल्यावर तो चौकटीत घालून भिंतीवर टांगू नका. घरातला एखादा म्हातारा, एखादं मूल आणि तुम्ही, असे तिघं बसा आणि खेळा. नियम अवघड नाहीत, वीस पानं लक्षात ठेवली की पुरे. आणि तिसरा भिडू मिळालाच नाही, तर रेवदंड्याला या. आमच्या पडवीत रोज दुपारी डाव असतो.